पीबीसी, पीएससी, एआयएच : जगण्याचा अंदाज सांगणारे स्कोअर – कुठला, कधी आणि कितपत धरायचा?

अनुजा_क

रिपोर्टमधले चार-पाच आकडे कॅल्क्युलेटरमध्ये भरले की 'पाच वर्षं जगण्याची शक्यता इतके टक्के' असं उत्तर आता कुणालाही मोबाइलवर मिळतं. यकृताच्या ऑटोइम्यून आजारांत, म्हणजे पीबीसी (यकृतातल्या बारीक पित्तनलिकांचा आजार), पीएससी (पित्तनलिका आकसण्याचा आजार) आणि एआयएच (यकृताच्या पेशींचा दाह) यांत, हे फार होतं, कारण आजार वर्षानुवर्षं चालतो, रिपोर्टांची फाइल जाड असते आणि 'पुढे काय' हा प्रश्न घरात सगळ्यांच्या मनात असतो.

माझं मत आधीच सांगते. निदान झालं त्याच दिवशी हा आकडा काढू नये, पीबीसीत तर नाहीच. युडीसीए (पीबीसीचं पहिलं, नेहमीचं औषध) वजनाच्या किलोमागे रोज १३ ते १५ मिग्रॅ या मापाने पूर्ण एक वर्ष घेतल्यानंतरचं रक्त जे सांगतं, ते पहिल्या दिवशीच्या रक्तापेक्षा कितीतरी भरवशाचं असतं.

जाणकारांनी दोन गोष्टींवर लिहावं. तीन आजारांसाठी कुठले स्कोअर खरोखर त्या-त्या आजाराचे आहेत? आणि आकडा काढताना चूक नेमकी कुठे होते?

---

रेषांकन

चांगला विषय. सुरुवात जुन्यापासून करतो, कारण त्यावरच पुढची इमारत उभी आहे.

पीबीसीत बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) हाच सगळ्यात बोलका आकडा, हे १९७९ मध्येच दिसलं होतं. बिलिरुबिन २ मिग्रॅच्या वर जाऊन तिथेच राहिलं की पुढचं सरासरी आयुष्य सुमारे ४ वर्षं, ६ च्या वर गेलं की २ वर्षांच्या आसपास, १० च्या वर जेमतेम दीड वर्ष. हे सगळं युडीसीए नसतानाचं, आणि प्रत्यारोपण रुळण्याआधीचं आहे. आज हे आकडे कुणाला वाचून दाखवायचे नाहीत. आजाराचा मूळ वेग किती होता एवढंच त्यांतून घ्यायचं.

मग १९८९ मध्ये मेयोचं मॉडेल आलं. बायोप्सी न करता पाच गोष्टींवर अंदाज : वय, बिलिरुबिन, अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि सूज. सूत्र असं :

स्कोअर = ०.०३९ × वय + ०.८७१ × लॉग(बिलिरुबिन) + २.३८ × लॉग(प्रोथ्रॉम्बिन टाइम, सेकंदांत) + ०.८५९ × सूज − २.५३ × लॉग(अल्ब्युमिन)

लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग, दहाच्या पायाचा नव्हे. बिलिरुबिन मिग्रॅ प्रति डेसिलिटर, अल्ब्युमिन ग्रॅम प्रति डेसिलिटर. सूज नसेल आणि लघवीच्या गोळ्याही चालू नसतील तर ०. सूज आहे पण गोळ्या दिलेल्या नाहीत, किंवा गोळ्यांनी ती उतरली, तर ०.५. गोळ्या चालू असूनही सूज आहे तर १.

स्कोअरवरून टक्का काढायचा तर स्कोअरमधून ५.०७ वजा करायचे, e (२.७१८) चा त्या उरलेल्याइतका घात काढायचा आणि जे येईल तेवढा ०.७७४ चा घात घ्यायचा. ही झाली पाच वर्षांची शक्यता. एका वर्षासाठी ०.७७४ च्या जागी ०.९७०, तीन वर्षांसाठी ०.८८३.

उदाहरण : वय ५२, बिलिरुबिन १.२, अल्ब्युमिन ३.६, प्रोथ्रॉम्बिन टाइम ११ सेकंद, सूज नाही. स्कोअर ४.६५ येतो, पाच वर्षांची शक्यता सुमारे ८४ टक्के. बाकी सगळं तसंच ठेवून बिलिरुबिन ४.८ केलं तर स्कोअर ५.८६ आणि शक्यता ५७ टक्के. एकट्या बिलिरुबिनचं वजन यावरून कळेल.

---

निशिगंधा७

रेषांकन, सूत्र उलगडून दिल्याबद्दल आभार. 'स्कोअर अमुक आला' एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं, आतलं कुणी दाखवत नाही.

अनुजाताई, निदानाच्या दिवशी काढूच नये हे मात्र मला पटत नाही. ज्याला पहिल्याच भेटीत कावीळ आणि जलोदर आहे, त्याच्या बाबतीत वर्षभर थांबून कसं चालेल?

---

अनुजा_क

बरोबर बोललात, माझं वाक्य जास्तच सरसकट झालं. कावीळ किंवा जलोदर घेऊन आलेल्या माणसाचा प्रश्न 'औषधाला प्रतिसाद कसा असेल' हा नाहीच. प्रत्यारोपण केंद्राकडे केव्हा पाठवायचं हा आहे. तिथे पहिल्या दिवशीच मेल्ड (यकृत किती निकामी झालं आहे हे सांगणारा स्कोअर) काढायला हवा. मी बोलत होते ती लक्षणं नसलेल्या किंवा फक्त खाज नि थकवा असलेल्या, बिलिरुबिन नॉर्मल असलेल्या रुग्णाबद्दल. आज निदान होणाऱ्यांत असे बरेच असतात.

---

यकृत_अभ्यासक

निशिगंधा, पाठवायचं केव्हा याला युरोपच्या मार्गदर्शक सूचनांत ठरलेली खूण आहे : पीबीसीत बिलिरुबिन ३ मिग्रॅच्या वर टिकून राहिलं, किंवा मेल्ड १५ च्या वर गेला, की प्रत्यारोपण केंद्राचं मत घ्यायचं. पूर्वी मेयो स्कोअर ७.८ ही प्रत्यारोपणाला योग्य वेळ मानत. त्यापुढे थांबलं की शस्त्रक्रियेनंतरची जोखीम वाढत जाते.

एका लक्षणाबद्दल मात्र स्कोअर पूर्ण गप्प असतात, ते म्हणजे खाज. कुठल्याही औषधाला दाद न देणारी, रात्रभर झोपू न देणारी खाज हे स्वतंत्रपणे प्रत्यारोपणाचं कारण ठरू शकतं, मग मेल्ड ८ का असेना. एकट्या थकव्यासाठी मात्र प्रत्यारोपण करत नाहीत. प्रत्यारोपणानंतरही तो बऱ्याचदा टिकतो.

---

गणिती_मन

मेल्डबद्दल थोडं, कारण तो सगळीकडे लावला जातो.

मेल्ड मुळात यकृतात टिप्स (पोर्टल शिरेतला दाब कमी करणारी नळी) बसवल्यानंतरच्या मृत्यूचा अंदाज घेण्यासाठी तयार झाला आणि २००२ पासून अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या यादीचा क्रम लावायला वापरला जाऊ लागला. त्यात बिलिरुबिन, आयएनआर (प्रोथ्रॉम्बिन टाइमवरूनच काढलेला आकडा) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचा आकडा). पुढे सोडियम जोडलं, आणि मेल्ड ३.० मध्ये अल्ब्युमिन आणि स्त्री-पुरुष भेद. स्त्रियांचं स्नायूंचं वजन कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी, म्हणून जुन्या सूत्रात त्यांची मूत्रपिंडं खऱ्यापेक्षा चांगली दिसायची आणि त्या यादीत मागे पडायच्या. पीबीसीचे बहुतेक रुग्ण स्त्रियाच असल्यामुळे या दुरुस्तीला आपल्या विषयात फार अर्थ आहे.

मेल्ड सांगतो तीन महिन्यांबद्दल, हे विसरायचं नाही. 'मेल्ड ७ आहे, म्हणजे चिंता नाही' असं वीस वर्षांच्या आजाराबद्दल म्हणता येत नाही. ७ च्या आसपास मेल्ड असलेल्या दोन रुग्णांत एकाचं अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आणि दुसऱ्याचं चौपट असेल, तर दहा वर्षांचं चित्र अगदी वेगळं असू शकतं. मेल्डला ते दिसतच नाही, कारण त्यात अल्कलाइन फॉस्फटेज नाही.

---

पारिजातक

मग दहा-पंधरा वर्षांसाठी काय बघायचं?

---

रेषांकन

पीबीसीसाठी दोन : ग्लोब (२०१५) आणि यूके-पीबीसी (२०१६). दोन्ही युडीसीए घेणाऱ्या रुग्णांवर बांधलेले. ग्लोब चार हजारांहून जास्त रुग्णांवर, यूके-पीबीसी तीन हजारांहून जास्त.

ग्लोबमध्ये युडीसीए सुरू केलं तेव्हाचं वय आणि एक वर्षानंतरचे चार आकडे जातात : बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन, प्लेटलेट्स. पहिले दोन प्रयोगशाळेच्या वरच्या सीमेच्या किती पट, अल्ब्युमिन खालच्या सीमेच्या किती पट, प्लेटलेट्स हजारांत.

ग्लोब = ०.०४४३७८ × वय + ०.९३९८२ × लॉग(बिलिरुबिन, पट) + ०.३३५६४८ × लॉग(अल्कलाइन फॉस्फटेज, पट) − २.२६६७०८ × अल्ब्युमिन(पट) − ०.००२५८१ × प्लेटलेट्स + १.२१६८६५

०.३० च्या वर गेलं की त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या सर्वसाधारण लोकांपेक्षा आयुष्य कमी होण्याची शक्यता. खाली राहिलं तर जवळपास त्यांच्याइतकंच.

आता चूक इथे होते. ०.३० ही सगळ्यांची मिळून एक सीमा आहे. पण सूत्रात वय आहे, त्यामुळे तरुण रुग्णाचा स्कोअर आपोआप खाली येतो आणि खोटा दिलासा मिळतो. म्हणून वयानुसार वेगळ्या सीमा दिल्या आहेत : ४५ च्या आत −०.५२, ४५ ते ५२ ला ०.०१, ५२ ते ५८ ला ०.६०, ५८ ते ६६ ला १.०१, त्यापुढे १.६९.

करून बघा : सुरुवातीचं वय ५०, वर्षानंतर बिलिरुबिन वरच्या सीमेच्या ०.७ पट, अल्कलाइन फॉस्फटेज १.८ पट, अल्ब्युमिन खालच्या सीमेच्या १.१५ पट, प्लेटलेट्स २२०. उत्तर ०.१२. सरसकट सीमेने 'ठीक आहे', वयाच्या सीमेने 'ठीक नाही'. हा रुग्ण दुसऱ्या फळीच्या (युडीसीए पुरत नाही तेव्हा देतात त्या) औषधाच्या चर्चेत यायला हवा. ०.३० ला चिकटून बसलं तर तो सुटून जातो.

---

मैत्रेयी_ल

हे वयाच्या सीमांचं फार महत्त्वाचं आहे. पंचेचाळिशीच्या आत निदान झालेल्यांत युडीसीएला प्रतिसाद मुळातच कमी मिळतो, आणि स्कोअर मात्र वयामुळे गोड दिसतो. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने फसवतात.

---

यकृत_अभ्यासक

ग्लोब आणि यूके-पीबीसी यांची उत्तरं एकमेकांशी ताडून घाबरणारे खूप भेटतात. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. ग्लोब मोजतो कुठल्याही कारणाने मृत्यू किंवा प्रत्यारोपण. यूके-पीबीसी मोजतो यकृतामुळे मृत्यू किंवा प्रत्यारोपण, ५, १० आणि १५ वर्षांत. म्हणून त्यात वय नाही. सत्तरीतल्या बाईंचा ग्लोब वाईट आणि यूके-पीबीसी चांगला येणं अगदी शक्य आहे, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. त्यांची जोखीम आहे, पण ती यकृताची नाही.

दुसरा फरक : यूके-पीबीसीत अल्ब्युमिन आणि प्लेटलेट्स उपचार सुरू होतानाचे, आणि अल्कलाइन फॉस्फटेज, बिलिरुबिन, ट्रान्सअमिनेज (एएसटी, एएलटी ही यकृताची एन्झाइम्स) बारा महिन्यांनंतरचे घालायचे. ग्लोबमध्ये वय सोडून सगळे वर्षानंतरचे. चुकीच्या तारखेचे आकडे चुकीच्या चौकटीत टाकणं ही रोजची चूक आहे. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावूनच बसावं.

---

निशिगंधा७

यातलं काहीही न काढता, नुसत्या रिपोर्टवरून साधा अंदाज येऊ शकतो का? प्रत्येकाला लॉग जमणार नाही.

---

रेषांकन

येतो. २०१४ मध्ये ४८४५ रुग्णांच्या माहितीवरून असं दिसलं : एक वर्षानंतर अल्कलाइन फॉस्फटेज वरच्या सीमेच्या दुपटीच्या आत असेल तर प्रत्यारोपणाविना जगण्याचं प्रमाण ५, १०, १५ वर्षांना ९४, ८४, ७३ टक्के. दुपटीच्या वर असेल तर ८१, ६२, ५०. बिलिरुबिन नॉर्मल असेल तर ९५, ८६, ७४. नॉर्मलच्या वर असेल तर ६५, ४१, ३०.

याशिवाय 'हो की नाही' छापाचे निकष आहेत. पॅरिस-१ : अल्कलाइन फॉस्फटेज ३ पटींच्या आत, एएसटी २ पटींच्या आत, बिलिरुबिन १ मिग्रॅपर्यंत. पॅरिस-२ लवकर निदान झालेल्यांसाठी : पहिले दोन्ही दीड पटीच्या आत आणि बिलिरुबिन नॉर्मल. टोरांटो : अल्कलाइन फॉस्फटेज १.६७ पटींच्या आत. बार्सिलोना : ४० टक्क्यांहून जास्त घट किंवा नॉर्मल.

बार्सिलोनाची एक अडचण आहे. सुरुवातीला आकडा जेमतेम वाढलेला असेल तर ४० टक्के उतरायला जागाच नसते, आणि सुरुवातीला आठपट असेल तर ४० टक्के उतरूनही तो जवळजवळ पाचपट राहतो. मी पॅरिस-२ किंवा ग्लोबच धरेन.

---

गणिती_मन

यात एक सांख्यिकीचा मुद्दा. 'हो की नाही' निकषात १.४९ पट वाला पास आणि १.५१ पट वाला नापास. शरीरात अशी पायरी नसते. नंतरच्या अभ्यासांत नॉर्मल बिलिरुबिनच्या आतही फरक दिसला : वरच्या सीमेच्या ०.६ पटीच्या वर गेलं की जोखीम वाढायला लागते. म्हणजे १.२ ही वरची सीमा असेल तर ०.७ पर्यंत आणि ०.७ ते १.२ हे दोन गट एकसारखे नाहीत, रिपोर्टवर दोन्हींसमोर बाण नसला तरी.

तरीही ०.८ बघून घाबरू नका. गिल्बर्ट सिंड्रोम असेल तर बिलिरुबिन आयुष्यभर थोडं वरच राहतं आणि त्याचा यकृताच्या बिघाडाशी संबंध नसतो. डायरेक्ट आणि इनडायरेक्ट वेगळं करून घ्या. वाढ बहुतेक इनडायरेक्ट असेल, हिमोग्लोबिन ठीक असेल, तर स्कोअर त्या आकड्याला उगाच शिक्षा करतो आहे असं समजा.

---

लॅबवाला

आकडे भरताना काय-काय चुकतं ते मी सांगतो, प्रयोगशाळेच्या बाजूने.

एकक. बिलिरुबिन मिग्रॅमध्ये की मायक्रोमोलमध्ये? १ मिग्रॅ म्हणजे १७.१ मायक्रोमोल. रेषांकन यांच्या उदाहरणात १.२ च्या जागी त्याच रुग्णाचे २०.५ मायक्रोमोल मिग्रॅच्या चौकटीत टाकले तर पाच वर्षांची शक्यता ८४ वरून जेमतेम १४ टक्क्यांवर येते. अल्ब्युमिन ३.६ की ३६ हाही तसाच गोंधळ.

वरची सीमा. अल्कलाइन फॉस्फटेजची वरची सीमा प्रत्येक प्रयोगशाळेची आणि पद्धतीची वेगळी. २१० हा आकडा एका ठिकाणी दीडपट, दुसऱ्या ठिकाणी पावणेदोनपट. म्हणून पट काढताना त्याच रिपोर्टवरची सीमा घ्या, इंटरनेटवरची नको. आणि शक्यतो वर्षानुवर्षं एकाच प्रयोगशाळेत जा, नाहीतर आलेखात दिसणारा चढ हा आजाराचा की मशीनचा हे कळत नाही.

अल्कलाइन फॉस्फटेज हाडांतूनही येतं. गर्भारपणात नाळेतून येतं. जीजीटी (यकृत-पित्ताचं आणखी एक एन्झाइम) नॉर्मल आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असेल तर यकृताला दोष देण्याआधी हाडं तपासा. पाळीनंतरच्या वयात, ड जीवनसत्त्व कमी असताना हे वारंवार दिसतं.

प्रोथ्रॉम्बिन टाइम. पित्त आतड्यात नीट उतरत नसेल तर के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि वेळ वाढते. यकृत निकामी होत आहे म्हणून नव्हे, तर कच्चा माल मिळत नाही म्हणून. के जीवनसत्त्व देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं की फरक कळतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयएनआर स्कोअरसाठी निरुपयोगी.

प्लेटलेट्स. कधी-कधी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत त्या एकमेकींना चिकटतात आणि मशीन खोटा कमी आकडा देतं. अचानक १८० वरून ७० झाल्या तर स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) बघून किंवा सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजून घ्या.

---

रेषांकन

लॅबवाला, के जीवनसत्त्वाचा हिशोब करून पाहिला. त्याच उदाहरणात वेळ ११ ऐवजी १३ सेकंद धरली तर ८४ टक्क्यांचे ७८ होतात. बाकी रुग्ण तसाच. सहा टक्के नुसत्या एका जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे.

---

पारिजातक

पीएससीबद्दल कुणी लिहील का? त्यातही हेच स्कोअर चालतात का?

---

यकृत_अभ्यासक

नाही, अजिबात नाही. पीएससी हा मोठ्या पित्तनलिका आकसण्याचा आजार, त्याची चाल वेगळी.

पीएससीचा सुधारित मेयो स्कोअर २००० सालचा : वय, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, एएसटी आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव झाला आहे का. ० च्या खाली कमी जोखीम, ० ते २ मधली, २ च्या वर जास्त. तो फक्त चार वर्षांपर्यंतचं सांगतो. लांबच्या मुदतीसाठी ॲमस्टरडॅम-ऑक्सफर्ड (२०१७) आणि यूके-पीएससी. ॲमस्टरडॅम-ऑक्सफर्डमध्ये आजार लहान नलिकांचा की मोठ्या, हेही धरतात. लहान नलिकांचा असेल तर भविष्य बरंच चांगलं. मशीन लर्निंगवर बांधलेलं प्रेस्टो मृत्यूऐवजी यकृताचा तोल सुटण्याचा अंदाज देतं, म्हणजे जलोदर, रक्तस्राव, भ्रम.

पीएससीत हे सगळे दोन ठिकाणी उताणे पडतात.

एक, बिलिरुबिनचे चढउतार. पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला, एखादी मुख्य नलिका आकसली, खडा अडकला, की बिलिरुबिन आठवड्यात १ चं ८ होतं. फुग्याने नलिका रुंदावली, अँटिबायोटिक दिली, की पुन्हा १.५. त्या आठवड्यात काढलेला स्कोअर आजाराचा नसून अडथळ्याचा असतो. संसर्ग उतरल्यावर, आकडे काही आठवडे स्थिर राहिल्यावरच काढावा. उतरतच नसेल तर एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) आधी, कॅल्क्युलेटर नंतर.

दोन, कर्करोग. पित्तनलिकेचा कर्करोग पीएससीत आयुष्यभरात साधारण १० ते १५ टक्क्यांना होतो आणि त्यातला मोठा वाटा निदानानंतरच्या पहिल्याच वर्षात सापडतो. यकृत उत्तम चालत असताना, स्कोअर −०.५ असताना तो होऊ शकतो. रक्तातल्या या आकड्यांत त्याची पूर्वसूचना नसते. म्हणून वर्षातून एकदा एमआरआय-एमआरसीपी, पित्ताशयात पॉलिप आहे का ते पाहणं आणि आतड्याचा कोलायटिस असेल तर कोलोनोस्कोपी, हे स्कोअर कितीही चांगला असला तरी चुकवायचं नाही.

---

गणिती_मन

पीएससीचाच एक दाखला, कुठल्याही रुग्णाने आकडा वाचण्याआधी वाचावा असा. नेदरलँड्सच्या एका विस्तृत पाहणीत प्रत्यारोपणाविना जगण्याचा मध्यक २१.३ वर्षं आला. त्याच पाहणीत फक्त प्रत्यारोपण केंद्रांतले रुग्ण घेतले तर १३.२. आजार एकच, देश एकच. केंद्रात मुळातच जास्त आजारी लोक पोचतात, एवढाच फरक. जुन्या लेखांतले भीतिदायक आकडे बहुतेक अशा केंद्रांतून आलेले आहेत.

आणि मध्यक म्हणजे मुदत नव्हे. निम्मे रुग्ण त्याच्या पुढे जातात.

---

मैत्रेयी_ल

पीएससीचा आणखी एक धडा इथे नोंदवायलाच हवा. २००९ मध्ये युडीसीए मोठ्या मात्रेत, किलोमागे २८ ते ३० मिग्रॅ, देऊन पाहिलं. अल्कलाइन फॉस्फटेज उतरलं, एएसटी उतरलं. आणि मृत्यू, प्रत्यारोपण, फुगलेल्या शिरा या गोष्टी औषध घेणाऱ्यांत जास्त झाल्या. चाचणी मध्येच थांबवावी लागली. रक्तातला आकडा सुधारला म्हणजे रुग्णाचं आयुष्य वाढलं, हे गृहीत धरता येत नाही याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

---

निशिगंधा७

मग हाच न्याय पीबीसीच्या दुसऱ्या फळीच्या औषधांनाही लागू होतो ना?

---

मैत्रेयी_ल

लागतो. ओबेटिकोलिक ॲसिडला २०१६ मध्ये मान्यता मिळाली ती अल्कलाइन फॉस्फटेज उतरलं म्हणून. आयुष्यावर फायदा दाखवण्यासाठीच्या पुढच्या चाचणीत तो सिद्ध झाला नाही आणि २०२४ मध्ये युरोपात मान्यता काढली गेली. त्यातही प्लासिबो (औषध नसलेली गोळी) गटातले बरेच जण मधेच औषधावर गेल्यामुळे निकालाचा अर्थ लावणं अवघड झालं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. इलाफिब्रानॉर आणि सेलाडेलपार २०२४ मध्ये आली, तीही रक्ताच्या आकड्यांवरच. बेझाफायब्रेट युडीसीएच्या जोडीला दिल्यावर आकडे नॉर्मल होण्याचं प्रमाण चांगलं वाढतं, खाजही कमी होते.

औषध घ्यायचं नाही असा याचा अर्थ नाही. पीबीसीत अल्कलाइन फॉस्फटेज आणि आयुष्य यांचं नातं हजारो रुग्णांत दिसलेलं आहे, पीएससीत ते तितकं पक्कं नाही. पण नव्या औषधावर ग्लोब ०.५ वरून ०.१ झाला म्हणून '०.१ वाल्यांचं आयुष्य मिळालं' असं लिहून देता येत नाही. ग्लोब युडीसीएवरच्या रुग्णांत बांधला आहे.

---

सई_दे

एआयएच राहिलाच. त्याचा स्कोअर मी पाहिलाय – एएनए (एक प्रतिपिंड), आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण), बायोप्सी, व्हायरल हिपॅटायटिस नाही. ७ आला तर किती वाईट?

---

यकृत_अभ्यासक

सईताई, हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून नीट लिहितो. तो २००८ चा सोपा स्कोअर निदानाचा आहे. ६ म्हणजे एआयएच असण्याची शक्यता बरीच, ७ किंवा वर म्हणजे जवळपास निश्चित. आजार किती तीव्र आहे किंवा पुढे काय होईल याच्याशी त्या ७ चा संबंध नाही. ८ वाला रुग्ण औषधाने पूर्ण शांत होऊन उत्तम जगू शकतो.

एआयएचमध्ये भविष्य ठरतं ते उपचारांच्या प्रतिसादावर. उपचार नसताना तीव्र आजारात सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के रुग्ण दगावत, हे १९७० च्या दशकातल्या चाचण्यांत दिसलं. स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिनने ते चित्र पालटलं. आज बघायचं ते असं : एएसटी, एएलटी आणि आयजीजी तिन्ही सहा महिन्यांच्या आत पूर्ण नॉर्मल झाले का? 'जवळपास नॉर्मल' चालत नाही. एएलटी दीडपट असताना बायोप्सीत दाह सुरूच असल्याचं सापडतं. पहिल्या आठ आठवड्यांत ट्रान्सअमिनेज ८० टक्क्यांहून जास्त उतरले तर पुढे नॉर्मल होण्याची शक्यता चांगली.

निदानाच्या वेळीच सुमारे एक तृतीयांश रुग्णांत सिरोसिस असतो. त्यांची वाट वेगळी, त्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

कावीळ घेऊन अचानक येणाऱ्या तीव्र एआयएचमध्ये दिवस मोजायचे असतात. स्टेरॉइड सुरू केल्यानंतर तिसऱ्या दिवशी बिलिरुबिन आणि आयएनआर कुठे चालले आहेत हे सुर्फासा स्कोअर बघतो. आठवडाभरात उतार नसेल तर स्टेरॉइड ओढत राहण्यात संसर्गाचा धोका असतो. प्रत्यारोपण केंद्राशी बोलणं तोवर झालेलं असावं.

---

सई_दे

म्हणजे तो ७ निदानाचा गुण होता. बरं झालं विचारलं. खूप आभार.

---

लॅबवाला

फायब्रोस्कॅनचा (यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीचा) उल्लेख अजून कुणी केला नाही. पीबीसीत ९.६ किलोपास्कलच्या वर धोका वाढतो असं आधी दिसलं होतं, नंतरच्या मोठ्या अभ्यासात ८ च्या खाली कमी, ८ ते १५ मधली आणि १५ च्या वर जास्त जोखीम अशी वाटणी झाली. रक्ताच्या स्कोअरमध्ये याने खरी भर पडते.

किमान तीन तास उपाशी, दहा वाचनं, आणि वाचनांतला विस्तार मध्यकाच्या ३० टक्क्यांच्या आत असल्याशिवाय आकडा मानू नका. एआयएचमध्ये दाह पेटलेला असताना यकृत सुजेने कडक लागतं, तंतूंनी नव्हे. उपचार सुरू होऊन सहा महिने झाल्यावर केलेला स्कॅन खरा. पीएससीत नलिका तुंबलेली असताना तेच.

---

अनुजा_क

मूळ प्रश्नाकडे येते. एक व्यावहारिक शंका उरते : ग्लोब वर्षानंतर एकदाच काढायचा, की पुन्हा-पुन्हा?

---

गणिती_मन

पुन्हा काढता येतो. ग्लोब एक वर्षानंतरच्याच नव्हे, पुढच्या वर्षांच्या आकड्यांवरही चालतो असं त्याच अभ्यासात तपासलं होतं. दर वर्षी, त्याच प्रयोगशाळेत, ताप-संसर्ग नसताना. एका वर्षाच्या ०.१ च्या चढावर निर्णय नको. सलग दोन-तीन वर्षं प्लेटलेट्स उतरत आणि बिलिरुबिन चढत असेल तर तो खरा चढ.

आणि सांगताना टक्का एकटा सांगू नका. '८४ टक्के' ऐकलं की माणूस आपल्यातला १६ टक्के भाग शोधायला लागतो. 'असेच आकडे असलेल्या १०० जणांपैकी ८४ पाच वर्षांनी प्रत्यारोपणाशिवाय ठीक होते' म्हटलं की अर्थ पोचतो.

---

रेषांकन

त्यात दुरुस्ती : जुन्या मेयो मॉडेलमध्ये प्रत्यारोपणाची गणना वेगळी होती, ते मृत्यूचं मॉडेल आहे. 'प्रत्यारोपणाशिवाय' हे शब्द ग्लोब आणि २०१४ च्या आकड्यांना लागू. ८४ टक्के मी मेयोवरून काढले होते, आणि तेही युडीसीएपूर्व काळातल्या रुग्णांवरून. आज त्याच रुग्णाचं प्रत्यक्षात बरं असण्याची शक्यता जास्त.

---

गणिती_मन

मान्य. मग मेयोसाठी 'युडीसीए नसतानाच्या काळात असेच आकडे असलेल्या १०० जणांपैकी ८४ जण पाच वर्षांनी हयात होते' असं म्हणावं लागेल.

---

पारिजातक

पीबीसीत बिलिरुबिन, अल्ब्युमिन दोन्ही नॉर्मल, पण प्लेटलेट्स ११० हजार आणि प्लीहा मोठी, असं असेल तर? कुठलाच स्कोअर फार वाईट येत नाहीये.

---

यकृत_अभ्यासक

हे स्कोअरवर सोडू नका. पीबीसीत सिरोसिस होण्याआधीच पोर्टल शिरेतला दाब वाढू शकतो. अँटी-सेंट्रोमिअर प्रतिपिंडं असलेल्यांत ते जास्त दिसतं. अँटी-जीपी२१० असेल तर काविळीच्या वाटेने आजार वाढण्याकडे कल. फायब्रोस्कॅन २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर, दोन्ही असतील तरच एंडोस्कोपी टाळता येते. प्लेटलेट्स ११० म्हणजे ती अट तुटली. एंडोस्कोपी करून घ्यावी, आणि प्लेटलेट्स लॅबवाला म्हणतात तसं एकदा सायट्रेटच्या नळीतही मोजाव्यात.

---

पारिजातक

सायट्रेटच्या नळीत १०८ आल्या. एंडोस्कोपी ठरवली आहे.